बर्फाखालची टिपणे

१
मिनेसोटातल्या भाच्याने एप्रिलच्या सुरुवातीला फोटो पाठवला. बर्फ वितळून दोनच दिवस झालेले. घरामागच्या हिरवळीवर ताटाएवढी राखाडी वर्तुळं. त्यांतलं गवत ओल्या कागदासारखं जमिनीला चिकटलेलं. "मामा, शेजारच्या कुत्र्याचं काम असेल का हे?" म्हटलं, पात्यांचा अगदी जवळून काढ. काढला. पात्यांवर मोहरीहून बारीक, काळपट दाणे. कुत्र्याचा दोष नाही. ही हिमबुरशी. सगळा हिवाळा बर्फाखाली तिचं जेवण चाललं होतं.

२
आपल्याकडे बुरशी म्हणजे श्रावण. चपला, पापड, पुस्तकांच्या पाठी. थंडी पडली की सुटलो, हा आपला हिशेब. बर्फाच्या प्रदेशात तो लागू नाही.

३
बाहेर उणे २० असलं तरी दीड-दोन हात बर्फाखाली, जमिनीलगत, तापमान शून्याच्या आसपास राहतं. बर्फ ही गोधडी आहे. ती खाली उगवलेल्या गव्हाला वाचवते आणि त्याच्या बुरशीलाही. आत अंधार, ओल, वाऱ्याचा पत्ता नाही. अंधारात गव्हाला अन्न तयार करता येत नाही. बर्फ पडण्याआधी साठवलेल्या साखरेवर तो दिवस काढतो. एरवी बुरशीशी भांडणारे सूक्ष्मजीव त्या थंडीत निपचित पडलेले. पंगत मोठी, जेवणारी एकटीच.

४
त्या दाण्यांच्या बुरशीच्या एका जातीचं नाव टायफुला इशिकारिएन्सिस. इशिकारी हा जपानच्या होक्काइदो बेटावरचा भाग. इमाई यांनी १९३० मध्ये तिचं वर्णन केलं आणि त्या भागाचं नाव तिला कायमचं चिकटलं. आता ती नॉर्वेत, रशियात, कॅनडात, ग्रीनलंडमध्ये, सगळीकडे याच नावाने ओळखली जाते.

५
टायफुला स्वतःभोवती काही प्रथिनं सोडते. ती बर्फाच्या कणांना चिकटतात आणि कणांना मोठं होऊ देत नाहीत. ध्रुवाजवळच्या समुद्रातल्या माशांच्या रक्तातही याच कामाची प्रथिनं सापडतात. मासा आणि बुरशी, नात्याने एकमेकांपासून कोसो दूर, पण दोघांपुढे अडचण एकच होती.

६
बर्फ वितळला की ही बुरशी ते कडक दाणे करून झोपते. उन्हाळा झोपेत. पानगळीच्या दिवसांत, थंड ओल लागली की दाण्यातून बारीक काडीसारखं फळ वर येतं आणि बीजाणू सोडतं. मग पुन्हा बर्फाची वाट. आपली बी पेरण्यासाठी आपण पावसाची वाट पाहतो, तितक्याच नेमाने.

७
अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वॉटरव्हिलचं पठार आहे. कोरडवाहू गहू, वर कित्येक आठवडे बर्फ. हिमबुरशीने शेतंच्या शेतं बसायची. तिथे उपयोगी पडलेल्या प्रतिकारक वाणांतलं एक बी तुर्कस्तानातून गोळा केलेलं होतं. त्या कामातून जो गहू निघाला त्याला 'स्प्रेग' नाव दिलं. रॉडरिक स्प्रेग हे त्याच भागात या रोगावर वर्षानुवर्षं काम केलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ.

या गव्हाचा प्रतिकार म्हणजे बुरशीला मारणारं विष नव्हे. तो शरदात जास्त फ्रुक्टन साठवतो, म्हणजे साखरेचीच एक साखळी, आणि बर्फाखाली ती पुरवून खातो. पानं त्याचीही जातात. पण बुडाशी जीव राहतो, आणि बर्फ गेल्यावर तिथून नवा फुटवा येतो. हा गुण एका जनुकाचा नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार आहे. पैदासकाराला असा गुण पकडणं अवघड जातं. बुरशीलाही तो मोडणं अवघड जातं.

८
होक्काइदोत शेतकरी हिवाळा सरता सरता शेतातल्या बर्फावर कोळशाची काळी भुकटी पसरतात. काळ्या रंगाने ऊन शोषलं जातं, बर्फ काही दिवस लवकर वितळतो, बुरशीचे जेवणाचे दिवस तेवढे कमी होतात. औषध म्हणून काजळी.

९
त्याच बेटाच्या पूर्वेला तोकाची नावाचा बटाट्याचा मुलूख. पूर्वी तिथे बर्फ उशिरा आणि कमी पडे, म्हणून उघडी जमीन खोलवर गोठे. १९८० नंतरच्या दशकांत बर्फाची गोधडी लवकर पडू लागली आणि जमीन गोठण्याची खोली कमी झाली. काढणीत मातीत राहून गेलेले बटाटे पूर्वी गोठून मरत. आता ते जगतात आणि पुढच्या पिकात तण म्हणून उगवतात. त्यांच्या अंगावर रोगही राहतात. म्हणून शेतकरी भर हिवाळ्यात ट्रॅक्टर घालून शेतातला बर्फ बाजूला सारतात, जमिनीला थंडी लागावी म्हणून. या कामाला तिथे 'युकिवारी' म्हणतात.

जमीन खोल गोठते तिथे स्क्लेरोटिनिया बोरिआलिस नावाची वेगळी हिमबुरशी बलवान असते. गोठत नाही तिथे टायफुला. हवा बदलली, तेव्हा रोग गेला नाही. एकीची जागा दुसरीने घेतली.

१०
स्वालबार्ड. उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं. २००८ पासून जगभरच्या पिकांचं बी तिथे डोंगराच्या पोटात साठवलं जातं, कारण तिथली थंडी ते राखते. त्याच बेटांवरच्या रानगवतावर टायफुला सापडलेली आहे.

११
स्वीडन-फिनलंडमधली लहान पाइनची रोपं वसंतात दुरंगी दिसतात. खाली तपकिरी, वर हिरवी. मधली रेघ सरळ, जणू फूटपट्टीने मारलेली. त्या रेघेपर्यंत बर्फ होता. बर्फाखालच्या सुयांवर फॅसिडियम बुरशी पसरली, बर्फाबाहेरच्या सुया वाचल्या. तिथला वनरक्षक मे महिन्यात झाड पाहून सांगू शकतो की यंदा बर्फ किती चढला होता.

१२
उत्तर स्वीडनमधला एक प्रयोग. हवा तापली की हवेतली वाफ वाढते, काही थंड प्रदेशांत बर्फही जास्त पडतो. म्हणून संशोधकांनी काही वाफ्यांवर मुद्दाम जास्त बर्फ साठू दिला. पहिली काही वर्षं तिथलं मुख्य झुडूप, क्रोबेरी, नीट वाढलं. जास्त बर्फ म्हणजे जास्त ऊब. सहा वर्षांनंतर त्या झुडपावरच जगणारी आर्विडसोनिया एम्पेट्री ही बुरशी उसळली आणि बहुतेक फांद्या मेल्या. तिथलं हवेतला कार्बन ओढून घेण्याचं प्रमाण घटलं. निबंध २०११ मध्ये आला.

प्रयोग पाच वर्षांत गुंडाळला असता तर निष्कर्ष उलटा लिहिला गेला असता.

१३
फिनलंडची ओलांड बेटं. तिथे कुरणांचे सुमारे ४,००० तुकडे आहेत आणि त्यांत प्लँटॅगो नावाची साधी वनस्पती वाढते. आपल्या इसबगोलाची बहीण. तिच्यावर भुरी ही बुरशी येते. दर शरदात विद्यार्थ्यांच्या तुकड्या या कुरणांतून फिरतात आणि कुठे भुरी आहे, कुठे नाही याची नोंद करतात. मुळात हे सर्वेक्षण एका फुलपाखरासाठी सुरू झालं होतं. त्याच्या अळ्या हीच पानं खातात. भुरीची नोंद त्याच पायपिटीत जोडली गेली.

दर हिवाळ्यात अनेक कुरणांतली भुरी मरून जाते आणि उन्हाळ्यात वाऱ्यावरून पुन्हा येते. सगळ्यांचा अंदाज असा की जवळजवळच्या कुरणांत रोग जास्त असेल आणि एकाकी कुरणं सुरक्षित असतील. २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला निष्कर्ष नेमका उलट होता. जवळजवळची कुरणं कमी आजारी. तिथे बुरशी सहज पोचते हे खरं, पण प्रतिकाराची जनुकंही परागातून, बियांतून तशीच सहज पोचतात. एकटं पडलेलं कुरण आजाराच्या बाबतीत भोळं राहतं.

हे वाचून वही बाजूला ठेवली आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

१४
सिलीन. युरोपातलं पांढऱ्या फुलाचं रोप. नर वेगळं, मादी वेगळी. मायक्रोबोट्रियम ही काणी मादी रोपात शिरली की मादी फुलाला पुंकेसर फुटतात. त्यांत पराग नसतो, काणीचे गडद बीजाणू असतात. पतंग मधासाठी येतो आणि तेच घेऊन पुढच्या फुलावर जातो.

या काणीची जनुकं तपासली तेव्हा युरोपात तिचे ठळक गट निघाले: पूर्वेचा, पश्चिमेचा, इटलीचा. हिमयुगात सिलीन ज्या उबदार कोपऱ्यांत तग धरून राहिली होती, त्या कोपऱ्यांशी हे गट जुळतात. हिमनद्या मागे हटून हजारो वर्षं झाली. रोप आपल्या आजारासकट उत्तरेला परतलं.

१५
आता तांबेरा, गव्हावरची बुरशी.

आपला गहू मार्चमध्ये कापणीला येतो. मे महिन्यात मैदानात पारा ४० च्या वर. त्या उन्हात तांबेऱ्याचे बीजाणू टिकत नाहीत. मग नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हावर हिवाळ्यात तांबेरा पुन्हा येतो कुठून?

आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी या एका प्रश्नावर आयुष्य घातलं. उंच डोंगरांवरचा उन्हाळा थंड असतो. तिथे कुठे उन्हाळी गहू, कुठे आपोआप उगवलेली धाटं असतात. तांबेरा त्यांच्यावर दिवस काढतो आणि हंगाम आला की वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीचे डोंगर, उत्तरेत हिमालय. पिवळा तांबेरा थंडीचा भोक्ता, तो हिमालयाकडून. काळा तांबेरा निलगिरीकडून. पुढे नागराजन आणि जोशी यांनी उपग्रहाच्या ढगांच्या चित्रांवरून दाखवलं की बंगालच्या उपसागरातली नोव्हेंबरची वादळं निलगिरीचे बीजाणू मध्य भारतापर्यंत आणून पावसाबरोबर खाली सोडतात.

मेहतांचं काम छापून ८० वर्षं उलटली. तांबेऱ्यावर काम करणारे आजही तिथूनच सुरुवात करतात.

१६
तांबेऱ्याच्या अभ्यासाची ठिकाणं: सिमल्याचं फ्लॉवरडेल, निलगिरीतलं वेलिंग्टन, आणि आपलं महाबळेश्वर. ज्या हवेसाठी माणसं उन्हाळ्यात तिथे गेली, त्याच हवेसाठी तांबेराही तिथे टिकतो.

१७
महाबळेश्वरचं नाव काढलं की स्ट्रॉबेरी, मध, वेण्णा तलाव. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र तिथेच आहे, हे सांगितलं की लोक थबकतात. पुण्या-मुंबईहून वर्षातून दोनदा जाणाऱ्यांनी एकदा तरी त्या केंद्राचा विचार करावा. आपल्या पोळीचा तिथल्या थंडीशी संबंध आहे.

१८
दारुहळद. आयुर्वेदाची जुनी, डोळ्यांच्या औषधाची. पिवळं लाकूड, काटेरी झुडूप, हिमालयात भरपूर. तिच्याच वंशातली युरोपातली बार्बेरी. जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केलं की गव्हाचा काळा तांबेरा आयुष्याचा एक भाग बार्बेरीवर काढतो. त्याच्या कितीतरी आधी शेतकरी म्हणत होते की बार्बेरीच्या कुंपणाजवळचा गहू जळतो. कनेटिकटमध्ये १७२६ मध्येच बार्बेरीविरुद्ध कायदा झाला होता. डेन्मार्कने १९०३ मध्ये कायदा केला. अमेरिकेने १९१८ पासून मोहीमच उघडली आणि शाळेतल्या मुलांनाही झुडपं शोधायला लावलं.

पिवळ्या तांबेऱ्याचं दुसरं घर मात्र सापडत नव्हतं. शंभर वर्षं शोध चालला. २०१० मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या प्रयोगशाळेतून य्वे जिन आणि सहकाऱ्यांनी उत्तर छापलं. तेही बार्बेरीच.

बार्बेरीवर बुरशीचं लैंगिक प्रजनन होतं. गव्हावर नुसत्या नकला निघतात. बार्बेरीवर जनुकांची अदलाबदल होते आणि नवे वंश जन्मतात. पिवळ्या तांबेऱ्याच्या जनुकांचा जगाचा नकाशा काढला तर सर्वांत जास्त विविधता नेपाळ, पाकिस्तान आणि चीनच्या हिमालयालगतच्या भागांत दिसते. युरोपात दीर्घकाळ बहुतांशी एकसारख्या नकलाच होत्या. मूळ घर कोणतं हे त्या नकाशावर सहज दिसतं. भारतात मात्र गव्हाच्या रोजच्या तांबेऱ्यात दारुहळदीचा हात नाही, असं मेहतांनी त्यांच्या काळी तपासून सांगितलं होतं. दोन्ही वाक्यं मी शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत.

१९
मेंडेलचे नियम १९०० मध्ये नव्याने उजेडात आले. केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये दाखवलं की गव्हातला पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकारही त्याच नियमाने पुढच्या पिढीत उतरतो. तीन रोगट, एक निरोगी. रोगाशी लढण्याची ताकद मोजता येते आणि संकरातून दुसऱ्या वाणात आणता येते, ही गोष्ट तिथून सुरू झाली.

२०
जवस. विदर्भात रब्बीचं जुनं पीक, आणि भाकरीबरोबर चटणी. हेच पीक अमेरिकेतल्या थंड नॉर्थ डकोटात तेलासाठी घेतात, आणि त्यालाही तांबेरा येतो.

फार्गो गावात हॅरल्ड फ्लोर यांनी १९३० च्या दशकापासून जवसाचे संकर केले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तांबेऱ्याचेही संकर केले. दोन्हींचे संकर एकमेकांसमोर ठेवल्यावर दिसलं की जवसातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकासमोर तांबेऱ्यात नेमकं एक जनुक उभं असतं. कलगी-तुऱ्याच्या फडासारखं: या बाजूने एक सवाल, त्या बाजूने त्याच सवालाचा जवाब, दुसऱ्या कशाचा नाही. बुरशीच्या त्या एका जनुकात बदल झाला की झाडाचा प्रतिकार संपला.

वनस्पतिरोगशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा सिद्धांत आहे. जवसाच्या चटणीच्या पाकिटावर तो छापलेला नाही, पण छापायला हरकत नाही.

२१
खपली गहू. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव. टरफल सहज सुटत नाही, कांडावा लागतो. खीर, शेवया, पुरणपोळी. मधल्या काळात लोकांनी टाकलाच होता. आता मधुमेहवाले विचारतात म्हणून दुकानात परत आलाय, दुप्पट भावाने.

१९२२ मध्ये स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी काळ्या तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी १२ गव्हांचा संच ठरवला. ज्या गव्हावर जसे डाग पडतील त्यावरून वंश ओळखायचा. मिनेसोटात ठरलेल्या त्या संचातल्या एका गव्हाचं नाव 'खपली'. जगभरच्या प्रयोगशाळांत हा शब्द तसाच वापरला गेला.

ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा तिथल्या गव्हाशी संकर केला, नाव 'खपस्टाइन'. खपलीतलं एक जनुक एसआर-१३. युगांडात १९९८ मध्ये आढळलेल्या, 'यूजी-९९' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्या तांबेऱ्याने जगाला घाबरवलं, तेव्हा जी जनुकं त्याच्यासमोर टिकली त्यांत हे एक. २०१७ मध्ये ते गुणसूत्रावरून नेमकं हुडकून वेगळं काढलं गेलं.

ज्या शेतकऱ्यांनी कमी उतारा सोसून खपली पेरत ठेवली, त्यांचं नाव कुठल्याच संचात नाही.

२२
पंजाबातला पीबीडब्ल्यू-३४३. एकेकाळी उत्तरेत लाखो हेक्टरांवर हा एकच गहू. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची त्याची भिस्त मुख्यतः एका जनुकावर, वायआर-२७. तांबेऱ्याच्या ७८एस८४ या वंशाला ते जनुक अडवू शकलं नाही.

२३
उलट उदाहरण. एलआर-३४ हे जनुक गव्हाला रोगमुक्त करत नाही. तांबेरा येतो, पण रेंगाळत येतो. पैदासकारांची भाषा: मंद तांबेरा. हे एकच जनुक पिवळा, तपकिरी, भुरी, सगळ्यांनाच मंदावतं, आणि अनेक दशकं वापरूनही निकामी झालेलं नाही. २००९ मध्ये ते नेमकं कोणतं हे कळलं. चकाकणाऱ्या निरोगी पानाचा मोह पडतो तेव्हा हे आठवावं.

२४
जवाची भुरी. १९४२ मध्ये जर्मनीतल्या हाले इथे क्ष-किरण मारून जवाचं एक रोप मिळालं, त्याला भुरी लागेना. एमएलओ हे जनुक त्यात मोडलं होतं. याच जनुकातली मोड इथिओपियाच्या डोंगराळ भागातल्या जुन्या गावरान जवातही सापडली. तिथल्या शेतांत ती किती पिढ्यांपासून होती कोण जाणे. भुरीला आत शिरण्यासाठी शाबूत एमएलओ लागतं. ते नसेल तर दार उघडत नाही. १९७९ पासून युरोपात असे वाण पेरले जात आहेत आणि प्रतिकार टिकून आहे.

२५
अ‍ॅश. युरोपातलं उंच, उजेड खाली येऊ देणारं झाड. आयर्लंडमधल्या हर्लिंग या खेळाच्या काठ्या याच्याच लाकडाच्या. नॉर्स पुराणात विश्वाला पेलणारं झाड ते हेच.

१९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये अ‍ॅशचे शेंडे वाळू लागले. २००६ मध्ये कोवाल्स्की यांनी त्यामागची बुरशी वेगळी काढली. तोवर रोग मध्य युरोपभर पसरला होता. २०१२ मध्ये तो ब्रिटनमध्ये आढळला, रोपवाटिकेत, बाहेरून आणलेल्या रोपांवर.

ही बुरशी पूर्व आशियातली. तिथे ती मांचुरियन अ‍ॅशच्या पानांवर राहते, पान गळलं की देठावर वाढते, झाडाचं फारसं बिघडत नाही. दोघांची जुनी ओळख. युरोपातल्या अ‍ॅशला ती ओळख नव्हती.

युरोपभरच्या बुरशीची जनुकं वाचून २०१८ मध्ये जो हिशेब छापला गेला, तो असा: एवढ्या सगळ्या खंडावर पसरलेली ही बुरशी मुळात फक्त दोन जीवांची संतती. दोन. आशियातल्या तिच्या विविधतेचा हा एक कणभर तुकडा. तिसरा जीव आला तर तो वेगळी जनुकं घेऊन येईल. म्हणून "रोग आलाच आहे, आता रोपांची आयात थांबवून काय उपयोग" हे म्हणणं चूक आहे.

डेन्मार्कमध्ये काही मोजकी झाडं कमी आजारी पडतात. त्यांतल्या एकाला 'झाड क्रमांक ३५' एवढंच नाव आहे.

२६
पांढरा पाइन हे झाड अमेरिकेचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेला लागवडीसाठी त्याची रोपं हवी होती. युरोपातल्या रोपवाटिकांत ती स्वस्त पडत. म्हणजे अमेरिकन झाडाचं बी युरोपात उगवलं आणि रोपं जहाजाने परत अमेरिकेत आली. सोबत फोड-तांबेरा आला. पश्चिम किनाऱ्यावर तो व्हँकुव्हरला उतरला, फ्रान्सहून १९१० मध्ये आलेल्या रोपांबरोबर.

या तांबेऱ्याचं दुसरं घर करंटची झुडपं. अमेरिकेने काळ्या करंटवर बंदी घातली. १९३० च्या मंदीत बेकार तरुणांच्या फौजा डोंगरातून करंट उपटत फिरल्या. तांबेरा थांबला नाही. न्यूयॉर्क राज्यात करंटवरची बंदी २००३ मध्ये उठली.

शुगर पाइनमध्ये प्रतिकाराचं एक मोठं जनुक आहे, सीआर-१. कॅलिफोर्नियातल्या हॅपी कॅम्पच्या लागवडीत तांबेऱ्याने त्याचाही जवाब शोधला.

डोंगरमाथ्यावरचा व्हाइटबार्क पाइन आता सगळ्यांत वाईट अवस्थेत आहे. त्याचं बी वाऱ्याने पसरत नाही. नटक्रॅकर हा पक्षी ते जमिनीत पुरून ठेवतो आणि विसरलेलं बी उगवतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने या झाडाला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं.

२७
काश्मीरच्या सफरचंदांवर १९७३ मध्ये स्कॅबची मोठी साथ आली. हिमाचलमध्ये १९८३ मध्ये. फळावर काळे, खरखरीत, तडकलेले डाग. ही बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतात तिथूनच बीजाणू उडवते. म्हणून पानगळीच्या वेळी शेकडा ५ युरियाचं पाणी पानांवर फवारतात; पान लवकर कुजतं, बुरशीला हिवाळ्याचं घर उरत नाही.

या बुरशीच्या जनुकांचा माग मध्य आशियाकडे जातो. सफरचंदाचा मागही तिकडेच जातो.

जिभेला डाग कळत नाही. बाजारात किंचित डागाचं सफरचंद स्वस्तात मिळालं तर मी घेतो, आणि इतरांनीही घ्यावं. डाग नसलेल्या फळाच्या हट्टापायी बागेत किती फवारण्या होतात हे बागवाल्याला विचारावं.

२८
पिवळा तांबेरा ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत नव्हता. त्या वर्षी आला. वंश तपासला तर युरोपातला निघाला. एवढ्या अंतरावर वारा पोचत नाही; कुणाच्या तरी कपड्यांवरून आला असावा, असं तिथले तज्ज्ञ मानतात. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये, तिथे मात्र वाऱ्याने. २००२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात आणखी एक वंश उतरला. हा अमेरिकेतल्या तांबेऱ्याशी जुळणारा.

२९
भाच्याचं गवत मे महिन्यात बरंचसं सावरलं. वर्तुळांत मुळाशी हिरवं आलं. त्याला सांगितलं, थंडी पडण्याआधी गवत कापून आखूड ठेव, पानं झाडून घे, उशिरा खत देऊ नकोस.

तो डिसेंबरात येतोय. विचारत होता, परत जाताना सांगलीहून खपलीचं शेरभर बी नेलं तर? परसात पेरीन म्हणतो. मी नको म्हटलं. खायला खीर करून घालीन.

वाचणाऱ्यांनाही तेच सांगणं आहे. शेतातून, बागेतून, हिमालयातल्या भटकंतीतून आलात तर विमानात चढण्याआधी बूट घासून धुवा, कपडे धुवा. आणि कितीही आवडलं तरी रोप, फांदी, बी बॅगेत घालून या देशातून त्या देशात नेऊ नका.